सर्व ठीक, खाली माझी सही

माझं शिक्षण चौथी. तेही मास्तरांनी दया म्हणून पास केलं होतं. अशा माणसाला टॉवेलच्या कारखान्यानं सर्व्हरवर लक्ष ठेवायला बसवलं, यावरून एकतर कारखान्याची अक्कल कळते नाहीतर सर्व्हरची.

पस्तीस वर्षं मागावर उभा राहिलो. गुडघे गेले तेव्हा मालकांनी मला काचेच्या खोलीबाहेर खुर्ची दिली. सुताच्या गोदामाचा कोपरा काचेनं बंद करून तिथं कॉम्प्युटरचं काळं कपाट बसवलं होतं. परदेशच्या ऑर्डरी, डिझाइनं, हजेरी, सगळं त्याच्या पोटात. मालक म्हणाले, "मामा, दर तासाला आत जायचं. एसीचा आकडा बघायचा, बॅटरीचा दिवा हिरवा हाय का बघायचं, वहीत लिहायचं, सही ठोकायची. आकडा पंचवीसच्या वर गेला की मॅडमला फोन. बास."

मॅडम म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटर कंपनीतल्या बाई. आपल्या ऑफिसात बसून आमचा सर्व्हर किती दमलाय, पोट किती भरलंय, हे पडद्यावर बघायच्या. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी स्वतः यायच्या. तो बंद करून धूळ काढायच्या, बॅटरी तपासायच्या, पुढच्या महिन्यात काय करायचं त्याची यादी भिंतीला लावायच्या. सोलापुरात मे महिन्यात माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरतात आणि ते कपाट बावीस डिग्रीत बसून असायचं.

घरी गेलो की बायको विचारायची, "काय म्हणती माझी सवत? गार हाय नव्हं?"

"हाय की."

"तिला महिन्याच्या महिन्याला डाक्टर. माझ्या पोटात दोन वर्सं दुखतंय, त्याचं काय?"

"तू चालू हायस की अजून," मी म्हणायचो.

ती हसायची. मीही हसायचो. हे मी म्हणालो होतो, हे लिहून ठेवतो. दुसरं कोण लिहिणार?

मग एक दिवस ती चालू राहिली नाही. चुलीपुढंच बसली ती उठेना. दवाखान्यात भरती केली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी ठेवावं लागेल.

रजा मागितली असती तर मिळाली असती. पण मी रजेवर गेलो आणि कारखान्याला कळलं की खुर्ची रिकामी असली तरी काही बिघडत नाही, तर? ही भीती खरी होती. म्हणून मी मागावरची जुनी रीत वापरली. तिकडं मागाला रोज तेल दिल्याचं कार्ड असायचं, आणि ते आम्ही सोमवारीच शनिवारपर्यंत भरून मोकळे व्हायचो. सगळेच भरायचे. तसंच मी एका बैठकीत वहीची सहा दिवसांची पानं भरली. बावीस, बावीस, बावीस. खरं वाटावं म्हणून मधे एखादा तेवीस. दिवा हिरवा. शेऱ्यात 'सर्व ठीक'. खाली सही. मग रोज सकाळी कारखान्यात तोंड दाखवायचं आणि मागच्या दारानं दवाखाना गाठायचा. कोणाला पत्ता लागला नाही. एवढं माझं महत्त्व.

चौथ्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या दिवशी मालक घरी येऊन तासभर सतरंजीवर बसले. त्याच तासाला वहीप्रमाणे मी सर्व्हरजवळ उभा होतो आणि सर्व ठीक होतं.

दिवसकार्य उरकून कामावर गेलो ते घाईनंच गेलो. घरात आवाज म्हणून राहिला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा होता, तर त्यातला सेल मीच काढून टाकला. त्या काचेच्या खोलीत निदान पंखे घरघरतात. ती खुर्ची गेली असती तर मला दिवसभर घरात बसावं लागलं असतं, आणि ते मला जमणारं नव्हतं. मला फक्त ती खुर्ची पाहिजे होती.

आणि तिच्यावरच बेतलं. मी घरी सुतकात असताना एसी बंद पडला. आत कापसाचं तूस जाऊन जाळी बुजली होती. कपाट तापून बंद झालं आणि अर्धा दिवस ऑर्डरी अडकल्या. त्यात परदेशी गिऱ्हाईकाचा तपासणी करणारा साहेब पुढच्या आठवड्यात यायचा होता. मॅडम माझ्यासमोर वही घेऊन बसल्या.

"मामा, हे काय ओ? मी तुमची वही बघून एसीची सर्व्हिसिंग पुढं ढकलली. बावीसवर पक्का दिसतोय म्हणून. आणि सर्व्हर म्हणतोय त्या आठवड्यात एकतीस, बत्तीस, चौतीस!"

"सर्व्हर म्हणतोय म्हंजी?"

"तो स्वतःचं तापमान स्वतः लिहून ठेवतो. दर पाच मिनिटाला."

"मग मला कशाला बसवलंय हितं?"

त्या वहीची पानं उलटू लागल्या. मग मी विचारलं, "तो लिवत होता तर तुमी का न्हाय बघितलं?"

मॅडम इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "तापमान पडद्यावर दिसत नाही. त्याचे इशारे येतात की मेलवर. पण ते जात होते आमच्या जुन्या माणसाच्या नावावर. तो नोकरी सोडून गेलाय. बदलायचं राहिलं."

म्हणजे मी खोटं लिहीत होतो, मशीन खरं लिहीत होतं, आणि दोन्ही कोणी वाचत नव्हतं. मला जरा बरं वाटलं.

मॅडमनी तोड काढली. सहा पानं काढायची, मशीनकडचे खरे आकडे घेऊन मी नवी लिहायची, सह्या करायच्या. साहेबाला वही आणि मशीन जुळलेलं दिसेल. "नाहीतर मामा, तुमची नोकरी जाईल. माझी पण, कदाचित."

मी लिहायला बसलो. तीन पानं झाली. चौथं घेतलं. दहा वाजता अठ्ठावीस, अकरा वाजता तीस. दुपारच्या रकान्याशी आलो आणि पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"ह्या टायमाला मी हितं नव्हतो."

"माहीत आहे की मला. बाकीच्या दिवशी तरी कुठं होता?"

"बाकीचं जाऊ द्या. ह्या टायमाला मी तिचा हात धरून बसलो होतो. चाळीस वर्सांत तेवढं एकच काम मी टायमावर केलं. आणि हितं सही करून म्हणू, केलं न्हाय?"

मॅडमनी बराच वेळ समजावलं. मी ऐकलं नाही. जुनीच पानं ठेवली, सहाही पानांवर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हे खोटं हाय. मी दवाखान्यात होतो. बायको वारली.' मॅडमनी कपाळाला हात लावला.

साहेब आला. पांढरा शर्ट, हातात यादी. मालक शेजारी उभे. साहेबानं त्यातलं चौथं पान उघडलं, इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅडमनी शेरा वाचून सांगितला. मालकांचा चेहरा उतरला, कारण त्यांनीही तो आत्ताच ऐकला होता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. म्हटलं, आता सवय करावी.

साहेबानं पुन्हा काही विचारलं. मॅडम अडखळल्या. "मामा, ते म्हणतायत, नोंद खोडली तर कारणासोबत वेळ लिहावी लागते. वेळ नाही लिहिलेली."

मी ती गेली ती वेळ सांगितली. चारला दहा मिनिटं कमी. साहेबानं पेन दिलं. मी लिहिलं. त्यानं शेजारी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. रडावं का हसावं ते कळेना.

पुढचा प्रश्न मालकांना होता. हा माणूस रजेवर असताना कोण बघतं? मालक म्हणाले, कोणी नाही. हा आठवड्याची सुट्टी कधी घेतो? मालकांनी माझ्याकडं बघितलं. घेत नव्हतो.

साहेबाच्या कागदात आलं ते असं: दुसरा माणूस नेमा, इशारे चालू माणसाच्या नावावर करा, आणि पहिल्या माणसाला रविवारची सुट्टी सक्तीनं द्या.

खुर्ची राहिली, रविवार गेला.

मॅडम भिंतीला नवीन यादी चिकटवत खुशीत म्हणाल्या, "बरं झालं की मामा. तुम्हाला पण मेंटेनन्स पाहिजेच."

"मशीन बंद ठिवून दुरुस्त हुतंय बाई. माणूस दिवसभर बंद ठिवला की काय हुतंय, ते रविवारी माझ्या घरी येऊन बघा."

त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "येते की," म्हणाल्या. "दुसरा रविवार सोडून."

"या. पन च्या तुमालाच करावा लागंल. मला येत न्हाय."