दारातला सलाम

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दारात उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं कौलारू प्रार्थनामंदिर. माणसं मोजून तीस-पस्तीस. उपासनेला येणाऱ्या प्रत्येक बाईला उजवा हात द्यायचा, 'सलाम बाई' म्हणायचं आणि चटईवर नेऊन बसवायचं. पुरुषांना पाळकसाहेब हात देत, बायकांना मी. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. पाळकसाहेब थट्टेनं म्हणायचे, यांचं तोंड आठवडाभर चालतं, रविवारी हातही चालू दे. तोंडाची मी फटकळ होतेच, आणि या कामाचा मला भारी तोरा होता. खोटं कशाला बोलू?

मिठाचा सत्याग्रह व्हायच्या आधी एक-दोन वर्षांची गोष्ट. डोंगराकडच्या वाडीतून एक कातकरीण यायला लागली. कोळशाच्या भट्टीवर काम करणारी, माझ्याच वयाची. पाळकसाहेब वाडीवर जाऊन सांगून आले होते की आमच्यात शिवाशीव नाही, या आणि बघा. वाडीनं हिलाच पुढे धाडलं. तू बघून ये, खरं असलं तर आपण सगळेच जाऊ, असं ठरलं होतं म्हणे. पाच घरं तिच्या शब्दावर थांबली होती. हे मला ठाऊक होतं बरं का. पाळकसाहेबांनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं.

पहिल्या रविवारी ती दारात आली तेव्हा अजून दुसरं कुणी आलं नव्हतं. दोन तास चालून आली होती, पदरानं तोंड पुसत होती. मी हात पुढे करायला गेले आणि माझा हात पुढे जाईच ना. मेला तो हात! झटकन दुसरा हात त्याला जोडला आणि नमस्कार केला. तिनंही हसून अगदी तस्सेच हात जोडले.

नंतर मी स्वतःची समजूत घातली की तिच्या हाताला कोळसा होता आणि माझं पोलकं पांढरं होतं. कसला कोळसा! हात घासून लाल करून आली होती ती. खरं कारण लिहायलाही मला लाज वाटते. माझी आजी गावकुसाबाहेरची. तिच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. आणि तिची ही नात, दोन पिढ्या ख्रिस्ती झाल्यावर, तिला कातकरणीचा विटाळ व्हायला लागला होता.

मग दर रविवारी तेच. ती सगळ्यांच्या आधी यायची, हात जोडायची आणि अगदी पुढे जाऊन दाराकडे पाठ करून बसायची. मागे काय चाललंय ते तिला दिसायचं नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडायचं. दर वेळी मी ठरवायचे, पुढच्या रविवारी नक्की देऊ. असे चार महिने गेले.

एकदा तिला यायला उशीर झाला. तिच्या मागोमाग अलिबागच्या कचेरीतल्या एका कारकुनाची बायको आली, छान काठापदराचं लुगडं नेसून. कातकरणीला नमस्कार करून मी आत पाठवलं आणि त्या बाईंचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून मोठ्यानं म्हटलं, सलाम बाई, सलाम, या या. आवाज ऐकून कातकरीण वळली. बघत राहिली. मग तिनं एकदा स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी मला एकही गीत धड म्हणता आलं नाही.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. पाळकसाहेब म्हणाले, मास्तरीणबाई, तुम्हीच जाऊन या, बाईमाणसाशी बाईनंच बोललेलं बरं. तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण एरवी कुणाला न ऐकणारी मी, तिथे मात्र नुसतं 'बरं' म्हणाले. निघाले. वाटेत ठरवलं, आधी तिचा हात हातात घ्यायचा आणि मग माफी मागायची.

वाडीत शिरले तर पोरं धावत आली, रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांनी हात जोडले. मागे म्हातारीकोतारी माणसं होती, त्यांनीही जोडले. तिचा सासरा कौतुकानं सांगायला लागला, आमच्या सुनेनं शिकवलंय, किरिस्तावांत पाहुण्याला असाच मान देत्यात, तिला दर आयतवारी देत्यात. तीन आठवडे झाले होते तिला सगळं कळून, आणि तिनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. पाय दुखतो म्हणून जात नाही, एवढंच सांगितलं होतं.

ती झोपडीतून बाहेर आली. मी पुढे झाले आणि उजवा हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आता नको, बाय. हात दिलास तर यांना समजंल, आधी कधी दिला न्हवता."

मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. तिनंही जोडले. पोरं खूश झाली.

परत आले तर पाळकसाहेब दारातच वाट बघत होते. कशी आहे, पाच घरं येणार ना, असं त्यांनी विचारलं. तिचा पाय दुखतोय, म्हणून सांगितलं मी.