टेंपोवाल्याचा आशीर्वाद

स्वतःची फजिती सांगायला मी कधी लाजलो नाही. नाताळच्या नाटकात मी देवदूत होतो आणि आनंदाची वार्ता तोंडात असतानाच शिडीवरून घसरून मेंढपाळांच्या अंगावर पडलो — हे खोपोलीत मीच घरोघरी जाऊन सांगितलंय. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पाळकसाहेबांना नाही, सासरी असलेल्या मुलीला नाही. प्रार्थनेतसुद्धा तिथपर्यंत पोचलो की मी घाईने आमेन म्हणतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. हे धाडस आहे का? नाही हो. अनोळखी माणसासमोर कसलं आलंय धाडस?

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी उपासनेत गीतं झाली की साक्ष असते — देवाने आठवडाभरात काय केलं, ते कुणीतरी उभं राहून सांगायचं. बाकीचे उठायला संकोचतात. मी नाही. कारखान्यात फिटर होतो, यंत्रांच्या वर आवाज काढून बोलायची सवय. त्यात लोक हसले की मला चढायची.

मग सरोज आजारी पडली. सरोज म्हणजे माझी बायको. मणक्यात गाठ निघाली, आणि खोपोलीतल्या शिळफाट्याच्या आमच्या घरात खिडकीजवळची कॉट हेच तिचं जग झालं. मंडळीत गाण्याला पहिला आवाज तिचा असायचा. कॉटवर पडली तशी तिने गाणं सोडलं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत विचारलं, सरोजबाई कशा आहेत? आता खरं काय ते सांगायचं की नाही? ती भिंतीकडे तोंड करून पडते, उशाशी ठेवलेलं पवित्र शास्त्र उघडत नाही — एवढंच तर सांगायचं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सरोज आनंदात आहे. पडल्या पडल्या गाते. — कुठून आलं हे माझ्या तोंडात? बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हसवणं मला जमायचं, रडवलं पहिल्यांदाच. आणि खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडलं.

पुढच्या रविवारी पुन्हा विचारणा झाली. मीही मागे हटलो नाही. मग बोलावणी यायला लागली — कर्जतहून, चौकहून, कोंडाणे लेण्यांजवळच्या एका वाडीवरून. दुखण्यातही गाणाऱ्या बाईची गोष्ट ऐकायला लोक जमायचे. ती बाई तेव्हा शेजारणीच्या हातून पेज पीत असायची, कारण तिचा नवरा साक्ष द्यायला गेलेला.

त्या वाडीवर जनी होती. तरुण पोर, प्रभूकडे नुकतीच वळलेली. नवरा मध काढायला कड्यावर चढला आणि पडून गेला, त्याला फार दिवस झाले नव्हते. माझं बोलणं संपल्यावर ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या बायला हसाया येतं. मला नाय येत. माजा इस्वास कमी हाय का?"

काय सांगायला हवं होतं मी? मी म्हणालो, आनंद करायचा गं, जमतं हळूहळू. आणि तिच्या सासूने आणलेला चहा प्यायलो. चहा चांगला होता.

इकडे घरी लोक यायला लागले — सरोजला बघायला, म्हणजे तिचा आनंद बघायला. मी आधी आत जाऊन तिला सांगायचो, जरा हसून बोल हं, लांबून आलेत. ती हसायची. आधी नुसते ओठ हलायचे, मग मध्ये थोडा वेळ जायचा, मग डोळ्यांच्या कडा — जड पिंप ढकलत ढकलत जागेवर आणावं तसं. लोक गेले की पुन्हा भिंत.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, पाळकसाहेबांना एकदा एकट्यांनाच पाठवा. मला देवाचा राग आलाय. त्याला सांगायचंय सगळं, पण एकटीने सांगायचं बळ नाही माझ्यात. ते नुसते जवळ बसले तरी चालेल."

राग आला होता, तरी बोलायचं त्याच्याशीच होतं. हा विश्वासच की नाही? आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की आता माझी साक्ष उघडी पडणार.

मी हो म्हणालो. निरोप दिलाच नाही. पण पाळकसाहेब आपणहूनच आले, भर दुपारी, मोटारसायकलवरून. मी दारात उभा राहिलो, हात चौकटीला लावून. म्हणालो, आत्ताच डोळा लागलाय हो, सकाळी छान गात होती. ते चपला काढत होते, त्या त्यांनी पुन्हा पायात घातल्या. उंबऱ्याबाहेरूनच हात वर करून त्यांनी प्रार्थना केली, आशीर्वाद दिला, आणि गेले.

मी आत आलो. सरोज टक्क जागी. कोण होतं, तिने विचारलं. मी म्हणालो, टेंपोवाला. पत्ता विचारत होता.

"बरा टेंपोवाला," ती म्हणाली. "जाताना आशीर्वाद देऊन गेला."

बस्, एवढंच. भांडली नाही. पण त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. पाणीसुद्धा ती शेजारणीकडे मागायची.

मग एका सकाळी मी पेज ढवळत होतो, आणि तिचा आवाज आला. मोठ्याने, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा. देवा, मला हे मुळीच आवडलेलं नाही. — मग सगळंच आलं. पाठीतली कळ, गेलेला गळा, आणि मी. हो, माझंही नाव आलं त्यात. मी पळी हातात धरून तसाच उभा. बऱ्याच वेळाने ती गप्प झाली. मग म्हणाली, "पेज लागली वाटतं." आणि हसली — मध्ये वेळ न जाता. आणि थोड्या वेळाने गुणगुणली. अर्धीच ओळ, फाटक्या आवाजात. बघायला कुणी आलेलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज त्याच्याशी बोलायची. कधी रडायची, कधी गुणगुणायची. दुखणं तसूभर हटलं नाही. शरीराने ती आटत गेली आणि आत कुठेतरी वाढत गेली. माझ्याकडे याला दुसरा शब्द नाही. खरी साक्ष ही होती. पण सांगणार कुठे? माझ्या गोष्टीत ती पहिल्या दिवसापासून गातच होती. खऱ्या गाण्याला मी जागाच ठेवली नव्हती.

तिला माती दिली तेव्हा मी बोललो. काय बोललो असेन? तेच. अजूनही मंडळीत कुणी आजारी पडलं, की लोक त्याला सांगतात, सरोजबाईंना आठवा.

यंदा उन्हाळ्यात जनी मला कर्जतच्या बाजारात दिसली. करवंदांची पाटी घेऊन बसली होती. प्रार्थनेला ती हल्ली येत नाही, असं वाडीवरच्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं, कशी आहेस गं? तिने वर पाहिलं. आधी नुसते ओठ हलले. मग मध्ये थोडा वेळ गेला. मग डोळ्यांच्या कडा.

"आनंदात हाय, दादा."

जनीने सरोजला कधी पाहिलंही नव्हतं.

मी तिथे उकिडवा बसू शकलो असतो. बोलू शकलो असतो. समोर दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. मी म्हणालो, प्रभूची स्तुती असो, आणि करवंदांचा एक द्रोण घेऊन पुढे निघालो. करवंदं गोड होती. मी सगळी खाल्ली.