बटण दाबलं कुणी?

मंगळवार, सकाळी दहा. कल्याणचं आमचं समुपदेशन केंद्र. हजर: दोन तरुण प्रशिक्षणार्थी, मी, आणि ती. आम्ही तिघं बसलेलो, ती उभी. बैठकीत ती कधी बसलीच नाही. भिंतीला टेकायची, चपलेतून एक पाऊल काढायची, परत घालायची, आणि कुणाचंही बोलणं संपलं की विचारायची, "ते ठीक आहे, पण बटण दाबलं कुणी?"

तीही प्रशिक्षणार्थीच, पण चाळिशी ओलांडलेली. पंधरा वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं, ते सोडून समुपदेशन शिकायला आली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी.

त्या वर्षी केंद्राने एक अ‍ॅप घेतलं. समुपदेशनाला येणाऱ्याने दोन भेटींच्या मधल्या दिवसांत रोज पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आमच्या पडद्यावर त्याचा आलेख उमटायचा. तरुण मंडळी खूश.

"मॅडम, भारी आहे हे. आता कसं वाटतंय ते विचारायलाच नको," एक जण म्हणाला.

"मग तू काय विचारणार, जेवलात का?" ती म्हणाली.

खरं सांगायचं तर मीही खूश होते. मला रकाने भरलेले आवडतात. आणि ती अ‍ॅपच्या विरुद्ध होती असंही नाही. परीक्षेच्या धास्तीने येणाऱ्या एका मुलीला तिनेच त्यातला श्वासाचा व्यायाम लावून दिला होता. "चालतं ते चालतं म्हणायचं, ताई. नाही चालत ते कुणीतरी शोधायला नको?"

तिच्याकडे एक मावशी यायच्या. खाडीकाठच्या, बाजारात मासळी विकणाऱ्या. मुलगा गेल्यापासून झोप उडालेली. ती सुट्टीवर असताना मी मावशींचा आलेख पाहिला: तीन आठवडे रोज हसरा चेहरा. नवीन येणाऱ्यांची यादी लांबली होती, म्हणून मी मावशींची भेट आठवड्यावरून महिन्यावर नेली. संध्याकाळी फोनही मीच केला. "आता बरं वाटतंय ना? छान." पलीकडून नुसतं "हं" आलं.

ती परतली आणि आलेखापाशीच थांबली. "ताई, वेळ बघा. रोज सकाळी साडेदहा. तेव्हा मावशींचे दोन्ही हात मासळीत असतात. फोन धरला कुणी?"

तशीच बाजारात गेली. मावशी म्हणाल्या, "मना काय समजतं त्यातला? फोन घरी. सून दाबते." सुनेला वाटलेलं, रडका चेहरा दाबला तर सासूला इस्पितळात ठेवून घेतील.

मी आठवड्याची वेळ लगेच परत दिली. मावशी आल्या नाहीत. तिला म्हणाल्या, "तुमची मॅडमच बोलली ना, बरी झाली म्हणून. आता कशाला कुणाची जागा अडवू?"

मग ती दर गुरुवारी बाजारात जायला लागली. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, मावशी मोकळ्या. ती नुसती शेजारी बसायची. हो, तिथे मात्र बसायची. आजूबाजूच्या कोळणी चिडवायच्या, "आली बघ, काही न घेणारी!"

निघताना दर वेळी मला विचारायची, "येताय? भेट तुम्ही लांबवलीत. तुम्ही सांगितलंत तर त्या येतील."

"या आठवड्यात अहवाल आहे गं."

"बरं." आणि चप्पल सरकवून जायची.

तिचं प्रशिक्षण संपलं, ती नाशिकला गेली. आता बैठकीत सगळे बसतात आणि बैठक वेळेआधी संपते. मलाच चैन पडत नाही. आलेख समोर आला की मी आधी वेळ बघते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

आज गुरुवार. यादीतल्या नऊ कामांपैकी आठांवर खुणा झाल्या. उरलंय ते तीन आठवडे एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवते आहे: बाजारात जाऊन मावशींना सांगणं, की त्या बऱ्या झाल्या हे मी ठरवलं होतं, त्यांना न विचारता.