पाटातून आलेलं पत्र

माझा मोठा भाऊ जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. भर समुद्रात त्याचा फोन लागत नाही, ईमेल तेवढी पोचते. आई दिवसभर खाडीकाठच्या आमच्या भाजीच्या मळ्यात. तिला कमी ऐकू येतं, आणि मोबाईल ती तांदळाच्या डब्यात ठेवते, हरवू नये म्हणून. अशा बाईला लेकाचं पत्र आल्याचं कळवायचं कसं?

मी कामणच्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळते. तिथे ऑर्डरची ईमेल आली की आपोआप एक स्क्रिप्ट चालते आणि माल काढायची चिठ्ठी छापली जाते. तीच युक्ती मी घरी आणली. विहिरीवरच्या मोटारीला फोनवरून चालणारा स्टार्टर होताच. भावाची ईमेल आली की घरच्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरांत पत्र छापायचं आणि पाच मिनिटं मोटार चालवायची. पाटाने पाणी आईच्या पायाशी जायचं, की ती खुरपं टाकून घराकडे निघायची. मला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं.

पण विहीर आमची आणि शेजारच्या मळ्यातल्या काकूची सामाईक. पाणी एक दिवस आमचं, एक दिवस तिचं. ज्याची पाळी त्याने सकाळी आपला पाट उघडायचा, दुसऱ्याचा मातीने बुजवायचा. शेतकऱ्याची मुलगी असून मी नेमकी पाळीच विसरले. पहिली पत्रं नशिबाने आमच्या पाळीला आली. मग एकदा दुरुस्ती करताना मोटार बंद करायची ओळ माझ्याकडून पुसली गेली, आणि पत्र आलं काकूच्या पाळीला. ती वसईच्या बाजारात गेलेली. दोन तास पाणी तिच्या मळ्यात वाहिलं आणि नुकती पेरलेली मेथी घेऊन गेलं. काकूने आईला नको नको ते ऐकवलं. तेवढं मात्र आईला नीट ऐकू आलं. दोघींचं बोलणं बंद झालं. मी पुसलेली ओळ परत लिहिली आणि स्क्रिप्टमध्ये अट घातली: काकूच्या दिवशी पत्र आलं तर मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी. काकूलाही तसं सांगून आले.

मग भावाची पत्रंच थांबली. जहाज धोक्याच्या भागातून जाणार, एवढंच शेवटच्या पत्रात होतं. आठ दिवस गेले, दहा गेले. आई अर्ध्या जेवणावरून उठायची आणि कोरड्या पाटाशी नुसती उभी राहायची. मी तिच्यावरच चिडायचे, कारण मलाही भीती वाटत होती.

अकराव्या दिवशी काकू आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ती तुझी अट का काय ती काढ गो. माझ्या पालीला पन पानी येऊ दे. एक दिवस तरी कशाला थांबायचं तिनं?"

एवढं बोलून ती वळली. तिचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याच संध्याकाळी अट काढून टाकली.

दोन दिवसांनी गोदामात असताना ईमेल दिसली. भाऊ सुखरूप होता. जहाजावरचं इंटरनेट बंद ठेवलं होतं, एवढंच. मी खुर्चीत बसूनच रडले. मग लक्षात आलं, आज पाळी काकूची. पाणी तिच्याच मळ्यात जाणार, आईला काही कळणार नाही. मी काकूला फोन लावला.

"काकू, पत्र आलं. दादा बरा आहे."

"माझ्या पाटात पानी आलं तवाच समजलं," ती म्हणाली. "बांध फोडून तुझ्या आईकडं वलवलंय. उभी हाय पान्यात, रडते. ठेव फोन, मी जाते तिच्याकडं."