घरसारा

अक्षर वाईट आहे, आणि ह्रस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला चौथीतही नीट कळले नाही; पुढे शाळाच सुटली. ही वही माझ्यापुरती आहे. तरी कोणाच्या हाती लागलीच तर त्याने अशुद्ध लिहिल्याबद्दल माफ करावे. चार माणसांत माझे तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

लग्नानंतर आम्ही आधी अकोल्यात राहिलो, मग अमरावतीत, आणि सगळीकडे भाड्याने. हे कोर्टात कारकून. एका घरमालकिणीला माझ्या उखळाचा आवाज खपत नसे, दुसरीला आमच्या पाहुण्यांचा राग. सामान लावून होते न होते तोच पुन्हा बांधायचे. त्यामुळे राजापेठेच्या पलीकडे, वांग्या-मिरच्यांचे मळे सुरू होत तिथे, घरे बांधणारी संस्था निघाली आणि हे तिचे चिटणीस झाले, तेव्हा मला वाटले, आता आपली सुटका झाली.

संस्था लहान, दहा-बारा घरांची. सहकारी बँकेचे कर्ज काढून जागा घेतली, कवेलूंच्या छपराची घरे बांधली, मधोमध एक विहीर. प्रत्येक घराने महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे. त्यातून बँकेचा हप्ता जाई, आणि उरेल त्यात विहिरीचा दोर, फुटकी कवेले, गल्लीतल्या कंदिलाचे तेल. कर्ज फिटेपर्यंत घरे संस्थेची. फिटले की ज्याचे त्याच्या नावावर. पण एकाने थकवले तर ओझे सगळ्यांवर, आणि बँकेने जप्ती आणली तर सगळ्यांच्याच घरांवर. हे मला यांनी एकदाच सांगितले होते. त्यानंतर मला चैन म्हणून नव्हते. महिना उलटला की मी उगाच दाराशी जाई, परत येई, झाडलेले अंगण पुन्हा झाडी. कोण पैसे घेऊन आले, कोण नाही, हे पाहत राही.

नियमांत त्या पैशांना नाव होते ‘भाडे’. पावतीवरही तेच छापलेले. सगळा घोळ त्या एका शब्दाने केला.

कारकून, मास्तर, शेजारची माळ्यांची दोन घरे, हे सगळे मुकाट भरत. पण तीन-चार घरे गावाकडच्या शेतकऱ्यांची होती. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी शहरात घर घेतले होते. काळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांचा गाडी-बैलांचा बारदाना. त्यांनी पहिले काही महिने पैसे दिले आणि मग पावती कोणाकडून तरी वाचून घेतली.

रविवारी आमच्या ओट्यावर सभा भरली. मी दाराआड. त्यांच्यातले एक म्हातारे पावती हातात धरून म्हणाले, "चिटणीस, हे भाडं कायचं?"

"घराचं."

"आमी कोनाच्या घरात भाड्यानं राहून राहिलो?"

"कागदोपत्री घर संस्थेचं आहे ना, काका."

"आन् संस्था कोनाची?"

"आपली सगळ्यांची."

"मंग आपनच आपल्याले भाडं देऊन राहिलो काय? असं तर येड्याच्या बजारातबी होत नाई."

सगळे हसले. हेही हसले, आणि तिथेच चुकले. त्या महिन्यापासून त्या घरांनी पैसे बंद केले. नडले म्हणून नव्हे. भाडोत्री म्हणवून घ्यायचे नाही म्हणून.

त्याहून वाईट आमच्याच घरात झाले. सासूबाई मूर्तिजापूरकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. शेत त्यांच्या नावावर होते, आणि आमच्या घराचे महिन्याचे पैसे त्यांच्या कापसातून जात, कारण यांचा पगार घरखर्चालाच पुरत नसे. त्या रात्री जेवताना त्यांनी यांना सांगितले, "माह्या सासऱ्यानं कोनाले भाडं देल्लं नाई, माह्या नवऱ्यानं देल्लं नाई. मीबी देनार नाई."

"आई, मी चिटणीस आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकाइले म्हनावं, इच्यारा माह्या मायले."

तेव्हापासून चिटणिसाचेच घर थकबाकीत. शेजारची माळीण रोज पहाटे फुले तोडून बाजारात बसे आणि पैसे कधी चुकवत नसे. विहिरीवर घागर भरता भरता ती मला म्हणे, "काय व चिटनीसबाई, तुमची सासू रानी, अन् आमी गजरे इकून भरून राहिलो. जप्ती आली का तुमच्यासंगं आमचंबी बोचकं बाहेर."

मी घागर घेऊन घरी येई आणि पाणी पुन्हा दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. नंतर बँकेचा तपासनीस येऊन गेला. कापसाचा हंगाम संपायच्या आत बाकी भरली नाही तर बँक संस्था ताब्यात घेईल, असे तो स्पष्ट सांगून गेला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी बाजेखालची पेटी ओढली, तीत दोन लुगडी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

माघात सासूबाई गावाला गेल्या. दरवर्षी शेताचा सारा त्या स्वतः जाऊन चावडीत भरत. कोणाच्या हाती पाठवत नसत. परत आल्या त्या खुशीत होत्या. मी तूर निवडत होते, त्याही सूप घेऊन समोर बसल्या. त्यांच्याशी मी होय-नाहीपलीकडे बोलत नसे. पण डोक्यात तेच घोळत होते, ते तोंडून निसटले.

"आत्याबाई, सारा कोणाला देता?"

"सरकारले. कोनाले देईन दुसऱ्याले?"

"मग शेत सरकारचं का?"

त्यांनी सूप खाली ठेवले. "येडी हायेस काय? सारा देतो म्हून तर शेत आपलं. ज्याच्या नावानं सारा, त्याचं शेत. सारा थकला का जाते."

मी मान खाली घालून म्हणाले, "घराचंही तसंच आहे म्हणतात हे."

तूर निवडून झाली, त्या उठून मागे गेल्या, पुन्हा आल्या. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. संध्याकाळी हे कोर्टातून येऊन टोपी काढतात तोच त्या म्हणाल्या, "इतका शिकला, अन् भाडं भाडं काय करून राहिला? सारा म्हन ना. घराचा सारा."

हे माझ्याकडे पाहू लागले. मी चुलीकडे वळले.

मागची सगळी बाकी सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मोजून दिली आणि स्वतः त्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पण हंगाम संपायच्या आत म्हाताऱ्यांनीही पैसे आणून टाकले, त्यांच्यामागून बाकीच्यांनी. अट एकच, पावतीवर ‘घरसारा’ लिहा. यांनी छापील शब्दाच्या वर शाईने तसे लिहून दिले. तपासनिसाने ते पाहून कपाळाला हात लावला. "सारा फक्त सरकार घेते, चिटणीस. उद्या तुम्ही तुरुंग बांधाल." मग ठरले, दप्तरात भाडे आणि तोंडाने सारा.

पण शब्द बदलला की माणसे त्याचे सगळेच मागतात. विहिरीचा रहाट मोडला की म्हणत, सारा घेता ना, मग दुरुस्त कोण करील? कवेलू फुटले की यांना जेवणावरून उठवून नेत. आणि एका वर्षी पीक बुडाले तेव्हा तेच म्हातारे येऊन म्हणाले, "सरकारनं सूट देल्ली. घराची सूट किती?"

हे म्हणाले, "काका, बँक सूट देत नाही."

"मंग हे कायचं सरकार?"

पुन्हा माझे दाराशी येणे-जाणे सुरू झाले. माझे लक्ष कशात लागेना, भाकरी करपत. हे बँकेत चार खेपा घालून आले. शेवटी एवढे मिळाले, की त्या वर्षीचे हप्ते अखेरीस ढकलायचे, व्याज लावून. सासूबाईंनी ते सगळ्यांना समजावले, "सूट नाई, तहकुबी भेटली." तहकुबी म्हणजे आज नको, पुढे द्या. हा शब्द त्यांना पाठ होता. कोणी कुरकुरले नाही. माळीण मात्र म्हणाली, "भाजीले कोनी तहकुबी देत नाई व, सडून जाते," आणि त्या वर्षीचेही तिने महिन्याच्या महिन्याला भरले.

फेड त्यामुळे लांबली. वर्षे गेली. मधे लढाई झाली, तेल-साखर मिळेनाशी झाली, म्हातारे वारले, त्यांच्या मुलाने भरणे चालू ठेवले. शेवटचा हप्ता जवळ आला तशी सासूबाईंना नवीच काळजी लागली. सारा कधी संपतो, हे त्यांनी ऐकले नव्हते.

"घेनं बंद करतीन, अन् मंग घर कोनाच्या नावानं राहीन?"

"आपल्याच, आई."

"सारा न देता?"

यांनी खूप समजावले. शेवटी त्या म्हणाल्या, "मी येईन बँकेत, माह्या हातानं देईन." त्या दिवशी टांगा आणला. त्यांनी पैसे पदरात बांधले, यांनी दप्तर बगलेत घेतले. मला चल म्हणाले, पण एवढ्या पुरुषांत जायची माझी छाती झाली नाही.

ते परत येईपर्यंत मी दोनदा भात टाकला, दोन्ही वेळा चूल विझवली. माळीण ओट्यावर बसून होती, तीही त्या दिवशी बाजारात गेली नव्हती. टांगा आला. सासूबाई उतरल्या, पदर मोकळा झाला होता. यांच्या मागून मी आत गेले आणि विचारले.

हे म्हणाले, "फिटलं."

मी विचारले, "सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. व्याजासकट."