सासूबाईंच्या पिशव्यांचा रस्ता

लग्न होऊन मी विचुंब्याला आले, तेव्हा आमच्या गच्चीतल्या दोरीवर कपड्यांपेक्षा दुधाच्या पिशव्याच जास्त वाळत असायच्या. सासूबाई रिकामी पिशवी कधी फेकायच्या नाहीत. धुऊन, वाळवून पलंगाखालच्या गोण्यांत कोंबायच्या. "कशाला हव्यात एवढ्या?" असं विचारलं की म्हणायच्या, "लागतील कवातरी."

आणि लागल्या! आमच्या गल्लीचं डांबरीकरण ठरलं. डांबरात टाकाऊ प्लास्टिक घालणार आहेत, स्वच्छ पिशव्या असतील तर द्या, असं ठेकेदाराचा सुपरवायझर घरोघरी सांगून गेला. सासूबाईंनी सगळ्या गोण्या स्वतः उभं राहून टेम्पोत चढवून घेतल्या.

काम सुरू झालं त्या सकाळी त्या सर्वांत आधी रस्त्यावर हजर. डंपरने वाफाळती काळी खडी ओतली. त्यांनी वाकून, निरखून पाहिलं आणि त्या थेट रोलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यात माज्या पिशव्या कुटं हायत? मना तर एक पन दिसत नाय!"

"आजी, त्या वितळल्या," सुपरवायझर म्हणाला.

"वितळल्या का इकल्या?"

लोक हसायला लागले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरून ओढत होते, पण त्या जागच्या हलेनात. शेवटी सुपरवायझरनेच हात जोडले. "चला, डांबराच्या प्लांटवर नेऊन दाखवतो." आम्ही दोघी त्याच्या जीपमध्ये बसलो.

प्लांटवर पिशव्यांचा बारीक चुरा करून ठेवला होता. तो तापलेल्या खडीवर पडला की क्षणात विरघळायचा आणि दगड तेल लावल्यासारखे चमकायचे. डांबर त्यानंतर पडायचं. सासूबाईंनी चुऱ्यातून एक निळा तुकडा उचलला. "ही आपलीच!" म्हणत त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आवरेना. सून होऊन आल्यापासून आम्ही दोघी मिळून असं कधी हसलो नव्हतो.

परतलो तेव्हा अर्धी गल्ली झाली होती. सासूबाईंनी सुपरवायझरला घरी बोलावून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली. मग उरणला बहिणीला फोन लावला.

"पिशव्या टाकतंस काय गो? टाकू नको. आमी रस्ता केलाय!"