सुमनमावशीची तिकिटं

मस्कतला एका घरात स्वयंपाकाचं काम करते, पोटापुरतं धाडस अंगात आहे, ते भोईवाड्याच्या सुमनमावशीमुळे. ती आमच्या चाळीतली शेजारीण, मूळची मालवणची. नवरा माझगावच्या गोदीत होता. जहाजांवर आलेल्या टपालाची रिकामी पाकिटं तो घरी आणायचा, तेव्हापासून तिला पोस्टाच्या तिकिटांचा नाद.

आईच्या आजारपणात माझी शाळा आठवीत सुटली. संध्याकाळी मी मावशीच्या परातीशी जाऊन बसायची. पाकिटांचे कोपरे पाण्यात पडलेले असायचे, आणि मला तिकीट सोडवायची घाई. "ओढू नको गो. पाणी आपलां काम करता," मावशी म्हणायची. सुटलेली तिकिटं वर्तमानपत्रावर पालथी घालताना ती देश सांगायची. हंगेरी, चिली, घाना. शाळेतला नकाशा कधी डोक्यात शिरला नाही. हे देश मात्र राहिले.

एकदा तिच्या भाच्याने नीटनेटकी दिसावीत म्हणून डबाभर तिकिटांचे दाते कात्रीने सरळ कापून टाकले. दाते गेले की तिकीट वाया. मी घाबरून मावशीकडे पाहिलं. तिने एक तिकीट उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, "अरे मेल्या, सगळ्यांची बोळकी केलंस!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. त्या बोळक्यांनाही तिने अल्बममध्ये जागा दिली.

मस्कतचं काम आलं तेव्हा मी नाहीच म्हणत होते. परळचा रस्ता ओलांडतानाही मी कुणाचा तरी हात धरायची. मावशीने दोन तिकिटं पुढ्यात ठेवली, एक कोरं, एक काळ्या शिक्क्याचं. "कोरां दिसता बरां. पण खंय गेलां तां?"

मी आले. इथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. तिची परात आठवते.

मध्यंतरी तिचा फोन आला. काचबिंदूने नजर कमी होत चालली होती. "दिसता हा तवसर तुझां पाकीट येवंदे." पोस्टातली माणसं तिकिटाऐवजी छापील पट्टी लावत होती, मी हातापाया पडून तिकीट मागितलं, शिक्का मारून घेतला. पाकीट वेळेत पोचेल ना, याच काळजीत दिवस काढले.

ते पोचलं, तसा मावशीचा फोन आला. "गो, कोपरो पाण्यात बुडवलंय, पण तिकीट सुटना नाय!" हल्लीची तिकिटं स्टिकरसारखी चिकटतात, हे मला कुठे ठाऊक! "रवांदे पाकिटावरच," ती म्हणाली. "तुझां अक्षर पण रवात."

"शिक्का दिसला?"

"गोल दिसलो. आतली अक्षरां नाय वाचूक गावली."

फोन ठेवला आणि मनातच म्हटलं,

मावशी, मी परत येईन तेव्हा तुझ्या शेजारी अल्बम उघडून बसेन. तू मला देश सांगितलेस. तुला दिसेनासं झालं, तर प्रत्येक तिकीट, त्याचा रंग, त्याच्या शिक्क्यातलं गाव, मी तुला वाचून सांगेन.